जिना उभा आहे तोवर

रविवारी दहाची बैठक होती आणि दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी काका जिन्याच्या नवव्या पायरीवरच होते. कठडा तपासतोय, असं ते वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. आत्याला सांगितलं, धाकटीच्या आईला सांगितलं, शेवटी धाकटीलाही सांगितलं. कठड्याला काय धाड भरली होती? बत्तीस वर्षांत तो केसभर हलला नव्हता. हलले होते ते काकांचे गुडघे. पण ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळू नये म्हणून काका देव पाण्यात घालून बसले होते. कारण गेली तीस वर्षं काकांचा उद्योग एकच, लोकांचे जिने चढून बघणं.

नवीन माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. हसू द्या. खाली सुतारकामाचा कारखाना आणि वर ऑफिस, असं हे घराणं आहे. आजोबांना सगळे मिस्त्री म्हणतात, घरातलेसुद्धा. बत्तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी डोकं लावलं, त्यांच्या मधल्या मुलाने कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि दोघांनी मिळून 'पायरी' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. मजल्याची उंची टाका, जागा किती ते टाका, की पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, कुठली फळी किती तिरकी कापायची, सगळं कागदावर छापून हातात. जिने बांधणारे सुतार या 'पायरी'वर अक्षरशः तुटून पडले. एकदा पैसे द्या, सॉफ्टवेअरचा डबा घेऊन जा. आणि त्या डब्यावर मिस्त्रींनी स्वतःच्या सहीने छापून टाकलं: 'पायरी वापरून बांधलेला तुमचा पहिला जिना उभा आहे तोवर पायरी चालेल. चालली नाही तर आम्ही चालवून देऊ.'

मधला मुलगा तेव्हाच म्हणाला होता की कॉम्प्युटर बदलत राहतात, प्रत्येक वेळी सगळं नव्याने लिहावं लागेल. मिस्त्री म्हणाले, जिने कुठे बदलतात? तिथेच विषय संपला. या घरातले विषय असेच संपतात आणि मग तीस वर्षं चालत राहतात.

झालं असं, की वचन दिलं म्हणजे कुणाचा जिना उभा आहे आणि कुणाचा पडला हे बघणं आलं. पडला असेल त्याने नवा डबा घ्यायचा. हे बघायला थोरल्या मुलाला, म्हणजे काकांना, नोंदवही देऊन रवाना केलं. तीनशे बारा गिऱ्हाइकं, तीनशे बारा जिने. आणि गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. एकाने घर पाडलं पण जिना ठेवला. तो आता मोकळ्या आवारात आभाळाकडे जातो आणि त्याच्यावर कोंबड्या बसतात. दुसऱ्याने दुकान विकताना करारात लिहून घेतलं की मागचा जिना काढायचा नाही. तिसऱ्याचा अर्धा जिना वाळवीने खाल्ला, तेव्हा किती पायऱ्या उरल्या म्हणजे 'उभा' म्हणायचं यावरून याच ऑफिसात दोन दिवस भांडण झालं होतं. सलग तीन, असं ठरलं. ते भांडण आठवलं की आत्या अजूनही कपाळावर हात मारते.

आजची बैठक मात्र कोंबड्यांची नव्हती. महिनाअखेर कॉम्प्युटर चालवणारी नवी व्यवस्था, म्हणजे नवी ऑपरेटिंग सिस्टिम, येत होती आणि तिच्यात 'पायरी' चालणार नव्हती. पुन्हा पहिल्यापासून लिहायची तर आठ महिन्यांचं काम. करणार कोण, तर धाकटी. मधल्या मुलाची ही एकुलती एक मुलगी. तो सात वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ही बावीस वर्षांची पोर महिनाभरासाठी म्हणून बापाच्या खुर्चीत बसली. तो महिना अजून चालूच होता. त्यात दोनदा तिने 'पायरी' नव्याने लिहिली आणि तीनशे बारा जणांना फुकट पाठवली. आता तिला दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने बोलावलं होतं आणि उत्तर सोमवारी, म्हणजे उद्या, द्यायचं होतं. कंपनी लिफ्ट बनवायची. जिन्यावर पोट भरणाऱ्या घरातली मुलगी लिफ्टच्या कंपनीत, हे ऐकून मिस्त्री दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

धाकटीने टेबलावर एक कागद ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं. यापुढे 'पायरी' विकायची नाही. महिन्याला थोडे पैसे घ्यायचे आणि वापरायला द्यायची. वापरतोय तोवर भरा, नको झालं की थांबा. त्या पैशांत काम करायला दोन माणसं ठेवता येतील. आणि मग मी जाईन, असंही तिने सरळ सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही.

मिस्त्रींनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नसे आणि जे वाचायचं नसेल त्याच्यासाठी ते चष्मा लावत नसत.

"करवत घेतली की घेतली," ते म्हणाले. "दर महिन्याला दुकानदार घरी येऊन तिचे दात काढून नेतो का? पैसे भर, मग दात देतो, असं म्हणतो का?"

"करवतीला दर तीन वर्षांनी लाकूड नव्याने शिकवावं लागत नाही, आजोबा," धाकटी म्हणाली. "पायरीला लागतं. आणि ते मी शिकवते."

तेवढ्यात काका पोचले. खुर्चीत बसताना त्यांच्या तोंडून निघालेला आवाज त्यांनी खोकल्यात दडवला. मग नोंदवही मांडीवर घेऊन त्यांनी सवयीने मिस्त्रींची बाजू उचलली. गिऱ्हाईक आपल्याला काय म्हणेल, तीस वर्षांची अब्रू धुळीला मिळेल, वगैरे. बोलता बोलता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. महिन्याचे पैसे घ्यायचे म्हटल्यावर जिना उभा असला काय आणि आडवा असला काय, कोण विचारतंय? म्हणजे बघायला जायला नको. चढायला नको. गेली तीन वर्षं काका कुणाच्या जिन्याकडे फिरकलेच नव्हते. घराबाहेर पडायचे, बागेतल्या बाकावर बसून वहीत 'उभा', 'उभा', 'उभा' असं लिहायचे आणि संध्याकाळी थकून घरी यायचे. रोज रात्री वाटायचं, आज नाही तर उद्या हे उघडकीला येणार. आणि इथे ही पोर त्यांना सुटकेचा कागद देत होती आणि ते तो फाडायला निघाले होते.

काकांनी वाक्य मध्येच सोडलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, की अर्थात काळ बदलतो, आणि मुलीचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. काका मिस्त्रींच्या विरोधात बोलले असं या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आईला घाम फुटला तो इथे. धाकटीच्या आईचा हिशेब साधा होता. आदल्या दिवशी तिने लेकीला शब्द दिला होता, मी तुझ्या बाजूने. तो दिला कारण काका आणि मिस्त्री विरोधात जाणार आणि प्रस्ताव पडणार याची तिला शंभर टक्के खात्री होती. आपण आईची माया दाखवायची, नाही म्हणायचं काम पुरुष करतील. आता काकांनीच घात केला. म्हणजे हे मंजूर होऊ शकतं, माणसं येऊ शकतात, आणि सोमवारी लेक बॅग भरू शकते. नवरा गेला तेव्हा या खुर्चीत मुलगी बसली होती म्हणून तिला ती खुर्ची बघवली होती. रिकामी खुर्ची ती रोज कशी बघणार होती? तिने मान खाली घातली आणि म्हणाली, की लोकांना महिन्या-महिन्याला पैसे भरायला लावणं तिला काही बरोबर वाटत नाही. लेकीने तिच्याकडे बघितलं, पण तिने वर बघितलं नाही.

राहिली आत्या, मिस्त्रींची लेक. आत्या कधीच या घरातून कुठे गेली नाही. बत्तीस वर्षं ती ऑफिसचा फोन घेते. कुणाचं छापलं जात नाही, कुणाची पायरी आठ बोटं जास्त उंच येते, सगळं तिच्या कानावर. आणि गुरुवारी अकराला एक फोन हमखास यायचा. ऑफिसात त्या माणसाला 'गुरुवारचे सुतार' म्हणायचे. त्यांच्या 'पायरी'त दर आठवड्याला नवीन बिघाड व्हायचा. आत्या तो ऐकून घ्यायची, धाकटीला सांगायची, धाकटी रात्री बसून शोधायची आणि तिला काही सापडायचं नाही. अशी सात वर्षं. आत्यानेही धाकटीला शब्द दिला होता, पण काल रात्रीपासून तिला एकच दिसत होतं. महिन्याचे पैसे म्हटल्यावर म्हातारी माणसं एकेक करून गळणार. गुरुवार मोकळा होणार. हे असं तोंडाने सांगण्याचं तिचं वय नव्हतं, अठ्ठावन्न झालं होतं. तिने म्हटलं की बाबांचं वचन मोडू नये, आणि विरोधात हात वर केला.

म्हणजे झालं काय बघा. जे धाकटीच्या बाजूने यायचे ते विरोधात, आणि जे विरोधात असायचे ते काका बाजूने. दोन विरुद्ध दोन. सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींनी शांतपणे खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि तो लावायच्या आत खिडकीवर काहीतरी धाडकन आदळलं.

आत्या सगळ्यात आधी उठली. खाली रस्त्यावर ट्रक उभा होता आणि दोन माणसं दोर ओढत होती. ट्रकच्या हौद्यातून वर खिडकीच्या चौकटीला एक लाकडी जिना टेकला होता. अकरा पायऱ्यांचा, जुना, चांगला पॉलिश केलेला. त्या जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ एकेक पायरी मोजत वर येत होते. त्यांचं डोकं खिडकीत आलं तेव्हा त्यांनी आधी टोपी काढली आणि मग विचारलं, आत येऊ का.

"आज गुरुवार नाही," आत्या म्हणाली.

आवाज ओळखून ते गृहस्थ लाजले. बत्तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा बघितलं ते असं, एक खिडकीच्या आत आणि एक बाहेर. मग त्यांनी खुलासा केला. नव्या रस्त्यात त्यांचं घर जातंय, उद्या पाडणार. मॅडमनी गुरुवारी फोनवर सांगितलं की रविवारी बैठक आहे आणि जुन्या लोकांचं काय करायचं ते ठरणार. तेव्हा त्यांनी विचार केला, घर गेलं तर जाऊ दे, जिना पडता कामा नये. रात्रभर बसून तो सोडवला, घडी घालता यावी म्हणून चार बिजागऱ्या लावल्या आणि आणला. आता हा उभा आहे हे साहेबांनी डोळ्यांनी बघावं आणि वहीत तसं लिहावं. ट्रकवाला थांबलाय.

"साहेब, तुम्ही जरा चढून बघता का?" ते काकांना म्हणाले. "म्हणजे नंतर वाद नको. तीन वर्षांत तुम्ही आलाच नाहीत, म्हणून म्हटलं."

काकांनी वही मिटली. धाकटीने त्यांच्या मांडीवरची वही उचलली. या जिन्याची गेल्याच महिन्याची नोंद होती: अकरा पायऱ्या, उभा, कठडा उत्तम, चढून पाहिला. मिस्त्रींनी चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचली. मग त्यांनी मुलाकडे बघितलं, आणि मुलाने अखेर गुडघ्यावर हात ठेवून सांगून टाकलं की त्याच्याच्याने चढवत नाही, आज वर यायला वीस मिनिटं लागली. तीनशे बारा जिन्यांच्या वचनाचा पहारेकरी तीन वर्षं बाकावर बसून होता.

धाकटी मात्र दुसराच विचार करत होती. ती खिडकीपाशी गेली. या माणसाच्या तक्रारींसाठी तिने किती रात्री घालवल्या होत्या. मागच्याच महिन्यात त्यांचा कागद उजवीकडे कापला जातो म्हणून दोन शनिवार-रविवार ती इथे बसली होती.

"एक विचारते," ती सुतारांना म्हणाली. "पायरी वापरून तुम्ही शेवटचा जिना कधी बांधलात?"

सुतारांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. आत्याकडे बघितलं, खाली ट्रककडे बघितलं.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "कॉम्प्युटर तर केव्हाच विकला."

"आणि उजवीकडे कापला जाणारा कागद?"

"ते आपलं असंच सांगितलं, बाळ. काहीतरी सांगायला हवं ना. बायको गेल्यापासून जेवलात का म्हणून विचारणारं या फोनशिवाय कुणी नाही. जिना पडला असता तर मी कुठल्या तोंडाने फोन केला असता?"

आत्याने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मिस्त्री उठून खिडकीपाशी आले, त्या परक्या म्हाताऱ्याचा खांदा धरला आणि त्याला चौकटीवरून आत घेतलं. "फोन करायला जिना लागत नाही," ते म्हणाले. "ट्रकवाल्याला पाठवून द्या. हे आधी विचारलं असतंत तर तुमची रात्र वाचली असती."

पण 'आधी विचारलं असतंत' हे शब्द धाकटीच्या डोक्यात राहिले. तिने वही टेबलावर उघडी ठेवली आणि आत्याला म्हणाली, फोन लाव. पहिल्या पानापासून. प्रत्येकाला एकच विचार, पायरी वापरता का. आत्या गोंधळली. बत्तीस वर्षांत हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. जिना उभा आहे का हे विचारलं, पायऱ्या सलग तीन आहेत का हे मोजलं, कोंबड्यांनी कठडा खराब केला तर तो धुऊन घ्या अशी ताकीद दिली. पण त्या जिन्याच्या मालकाला सॉफ्टवेअरचा काही उपयोग आहे की नाही, हे विचारायचं एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. शहाण्या माणसांच्या घरात अशी चूक झालीच नसती. ती व्हायला इतकी प्रामाणिक माणसंच लागतात.

आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन ठेवला आणि आत्या सुरू झाली. पहिला फोन ज्याला केला तो वारला होता. मुलगा म्हणाला, वडील सांगून गेलेत, जिन्याला हात लावायचा नाही, का ते माहीत नाही. दुसऱ्याने व्यवसाय बदलला होता, आता मासे पाळायच्या पेट्या बनवतो. तिसऱ्याने विचारलं, पायरी म्हणजे काय. चौथा म्हणाला, वापरतो ना, रोज वापरतो, आणि चौकशी केल्यावर कळलं की तो जिन्याबद्दल बोलत होता. कोंबडीवाल्याने घाबरून सांगितलं की सगळ्या पायऱ्या जागेवर आहेत, आजच धुतल्यात. एका बाईने सांगितलं की जिना वाटेत येतो, रोज त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जावं लागतं, पण नवऱ्याचं मिस्त्रींवर फार प्रेम होतं.

मिस्त्री ऐकत होते. सुरुवातीला ताठ बसले होते, मग हळूहळू खुर्चीत खाली सरकले. काका प्रत्येक नावापुढे काट मारत होते आणि दर काटेला त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून लाज वाटत होती. आईने सगळ्यांना पाणी दिलं, गुरुवारच्या सुतारांनाही. ते आत्याच्या शेजारी बसून तिला पुढचा नंबर वाचून दाखवत होते.

दीड वाजेपर्यंत शहात्तर फोन झाले. वापरणारे निघाले चार. त्यातल्या एकाने तर स्वतःच विषय काढला, की इतकी वर्षं फुकट घेताना लाज वाटते, महिन्याला काही घेत असाल तर बरं होईल, पण मिस्त्रींना राग येईल म्हणून बोललो नाही. उरलेल्या तिघांचं एकच म्हणणं होतं. त्यांच्याकडे पहिलाच डबा अजून चालत होता, पहिल्याच कॉम्प्युटरवर. तिसऱ्याने तर सांगितलं की तो कॉम्प्युटर तो चादरीखाली झाकून ठेवतो आणि त्यावर दुसरं काही करत नाही.

"मग आम्ही नवीन पाठवतो ते?" धाकटीने फोनजवळ तोंड नेऊन विचारलं.

"ते आम्ही उघडत नाही, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुम्ही एवढं मनापासून पाठवता, म्हणून टाकून देत नाही. आहे सगळं नीट ठेवलेलं."

आत्याने फोन ठेवला आणि पुढचा लावला नाही.

धाकटी आधी हसली. खरंच हसली, टेबलाला धरून. वापरणारे चार, त्यातल्या तिघांनी नवीन उघडलंच नव्हतं. म्हणजे दोन वेळा पहिल्यापासून लिहिलेली 'पायरी' या शहात्तरांपैकी एका माणसाने वापरली, आणि त्यालाही पैसे द्यायचे होते. बावीस ते एकोणतीस. या वयात मैत्रिणी गावं बदलत होत्या, प्रेमात पडत होत्या, नोकऱ्या सोडत होत्या, आणि ती केव्हाच विकलेल्या कॉम्प्युटरवर उजवीकडे कागद का कापला जातो ते शोधत होती. हसता हसता ती थांबली आणि बापाच्या खुर्चीत बसली.

आईला ते बघवलं नाही. "मी विरोधात बोलले ते लोकांसाठी नाही," ती म्हणाली. "तू जाशील म्हणून बोलले. खोटं बोलले मी." एवढं बोलून ती मोकळी झाली आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. लेक तिच्यावर चिडली नाही. चिडायला अंगात जोर नव्हता.

मग मिस्त्री उठले. कपाटात पहिल्या वर्षाचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा. त्यांनी तो काढला, चष्मा नीट केला आणि स्वतःच्या सहीच्या वरची ओळ वाचली. मनातल्या मनात वाचली, ओठ तेवढे हलले. हा माणूस जन्मात कुणापुढे चुकलो म्हणाला नव्हता. मधला मुलगा दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत असतानाही नाही. त्यामुळे आता काय होणार हे कुणालाच कळेना. काका उभे राहायला लागले आणि गुडघे आठवून पुन्हा बसले.

मिस्त्री धाकटीच्या खुर्चीपाशी गेले.

"मी हे लिहिलं तेव्हा मला वाटलं, लाकडाचं आयुष्य सांगतोय," ते म्हणाले. "लाकूड मला कळतं. कुणीतरी रोज बसून ते चालवणार आहे, हे मला कळलं नाही. तुझा बाप सांगत होता, मी ऐकलं नाही. त्याचे दिवस दिले मी लोकांना. आणि तुझेही. पैसे एकदाच घेतले, आणि तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस."

"आजोबा, असं काही नाही," धाकटी म्हणाली, कारण असं म्हणायची पद्धत आहे.

"असंच आहे. तू जन्मायच्या तीन वर्षं आधी मी तुला विकून बसलो होतो."

गुरुवारच्या सुतारांनी, हे आपण ऐकायला नको होतं असं वाटून, खिडकीबाहेर बघितलं.

धाकटीने तिच्या स्वभावाप्रमाणे कामाचंच विचारलं. महिनाअखेर काय करायचं? नवी व्यवस्था आली की 'पायरी' नव्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. दुरुस्ती कोण करणार? महिन्याचे पैसे घ्यायचे की नाही? वचन आहे, सही आहे. फोन यायला लागतील.

"येऊ देत. मी घेईन. कुणाला जिन्याचं माप हवं असेल तर पेन्सिलीने काढून देईन, फुकट. सही माझी आहे, तुझी नाही."

"आणि पायरी?"

मिस्त्रींनी टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मधल्या मुलाचा होता तो.

"बंद पडू दे," ते म्हणाले.

धाकटी रडली. सात वर्षांत या माणसासमोर ती एकदाही रडली नव्हती, बाप गेला तेव्हाही दाराआड जाऊन रडली होती. आता तिथेच, त्या खुर्चीत, तोंड न झाकता रडली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं ते मिस्त्रींना कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या शेजारी नुसते थांबले, आणि ती पुरती रडून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.